सतरंजीच्या खोलीचं कुलूप

साहेब आमची खोली पाहायला येणार होते, म्हणून त्या दिवशी मी खोलीला कुलूप लावलं. पोरांनी पसारा करू नये म्हणून. खोली पोरांसाठीच होती.

एवढं आधी लिहून टाकलेलं बरं. नाहीतर मी पाऊसपाण्यापासून सुरुवात करणार, मग शाळेच्या आवारातल्या लिंबाचं वय सांगणार, मग माझ्या बदल्यांची हकीकत, आणि कुलपापाशी येईपर्यंत वाचणाऱ्याचा चहा निवून साय धरणार. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी आयुष्य काढलं. या सगळ्या वर्षांत शाळेत पोरांपेक्षा जास्त मीच बोललो असेन, असं माझी बायको म्हणते. ती कधी माझ्या वर्गात बसलेली नाही, तरी म्हणते.

शाळा वाशिम जिल्ह्यात, मानोऱ्यापासून आत, डांबर संपतं तिथून थोडी पुढे. अर्धी पोरं गावातली, अर्धी तांड्यावरची. तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती. शाळेमागचा नाला ओलांडला की लागतो. दिवाळीच्या सुमारास तांड्यातली जोडपी ऊस तोडायला तिकडे पश्चिमेला जातात आणि उन्हं तापली की परत येतात. काही पोरं आईबापासोबत जातात, काही आजी-आजोबांजवळ राहतात. राहिलेली पोरं शाळेत येतात, हजेरीला 'हजर' म्हणतात, आणि दिवसभर खिडकीतून नाल्याकडे पाहत बसतात.

अशा पोरांसाठी ती खोली होती. आधी तिथे पोषण आहाराचा तांदूळ आणि मोडकी बाकं असायची. वरून सूचना आली, मला प्रशिक्षणाला धाडलं, आणि पेंटरनं दारावर निळ्या अक्षरात रंगवलं, 'भावनिक आधार कक्ष'. हे नाव पोरांना वाचता येईना आणि मला एका दमात म्हणता येईना. खोलीत एक मोठी लाल सतरंजी होती. पोरांनी तिचं नाव ठेवलं 'सतरंजीची खोली'. तेच टिकलं.

बाहेरच्या माणसाला वाटायचं, इथे पोरांचे लाड चालतात. गावातले एक-दोन पालक तर, "आमचा पोट्टा काय पागल हाये का, सर?" असं विचारून गेले. तसं काही नव्हतं. एखादं पोर चावतं, एखादं मारतं, एखादं महिना महिना बोलत नाही. त्याच्या आत काहीतरी अडकलेलं असतं, आणि ते अडकलेलं असेपर्यंत बाराखडी आत जायला जागा नसते. अशी पाच-सात पोरं सकाळी या खोलीत यायची. हात-तोंड धुवायचं, केस विंचरायचे, सतरंजीवर गोल बसून मुरमुरे नाहीतर पोहे खायचे. आज कसं वाटतंय ते ज्याला सांगावंसं वाटेल त्यानं सांगायचं. थोडं खेळायचं, मग आपापल्या वर्गात जायचं. यात औषध नाही, मंत्र नाही. फक्त रोज तेच, त्याच वेळेला, त्याच माणसानं करायचं. ज्या पोराच्या घरातलं कोण कधी निघून जाईल याचा नेम नाही, त्याला एक दार रोज ठरल्या वेळी उघडं सापडलं पाहिजे. सगळी मेख एवढीच. ती मला प्रशिक्षणात पाठ झाली होती.

प्रशिक्षण वाशिमला झालं. तिथल्या बाईंनी सांगितलं, "मुलाच्या शेजारी बसा. समोर नाही, शेजारी. आणि गप्प बसा." मग सरावासाठी जोड्या लावल्या. एकानं पाच मिनिटं मनातलं बोलायचं, दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं. माझ्या जोडीला मेडशीकडचे एक गुरुजी होते. ऐकायची पाळी माझी होती. बाई फिरत फिरत आमच्यापाशी आल्या, तेव्हा मी त्या गुरुजींना माझी एसटी चुकल्याची गोष्ट सांगत होतो, आणि ते बिचारे मान डोलावत होते. बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही ऐकणारे ना?" मी म्हणालो, "हो हो, ऐकतोच आहे." सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवशी हसण्याऐवजी थोडी लाज वाटायला हवी होती, पण माझ्यात ती सोय नव्हती.

खोलीचा माझा पहिला मोठा विजय म्हणजे ओम. ओमचे घरचे गावाला लागून मळा करायचे. वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर, बाजारात न्यायचे. आजोबा गेले तसा हा दुसरीतला पोरगा शाळेत आला की टेबलाखाली जाऊन बसायचा. हाक मारली की आणखी आत. मी शिकलेलं सगळं करून पाहिलं. शेवटी एक दिवस ठरवलं, शेजारी बसायचं तर टेबलाखालीच बसू. गेलो. माझा देह पाहता मी जाऊ शकलो हेच नवल. पण बाहेर येताना कंबरेत अशी उसण भरली की मी पालथा पडून राहिलो. ओमनं थोडा वेळ पाहिलं. मग तो स्वतः बाहेर आला, माझा हात धरून ओढायला लागला, आणि जमेना तसा व्हरांड्यात जाऊन ओरडला, "पंचफुलाबाई! सर अडकले वो!"

पंचफुलाबाई म्हणजे आमची खिचडी शिजवणारी बाई. ती पदराला हात पुसत आली आणि दारातच कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "पोराले काढाले गेलते न तुमी?" म्हणाली. "आता तुमाले काढाले कोनाले धाडू?"

ओम हसला. आजोबा गेल्यापासून पहिल्यांदा. त्यानंतर तो टेबलाखाली गेला नाही. बहुधा तिथे मी पुन्हा येईन या भीतीनं.

आता ही गोष्ट मी तिथेच सोडायला हवी होती. पण केंद्राच्या बैठकीत मी ती सांगितली. मग तालुक्याला सांगितली. दर खेपेला तीत थोडी भर पडायची. तिसऱ्या वेळी टेबल लोखंडी झालं होतं आणि उसण ही माझी आधीच ठरवलेली युक्ती झाली होती. फिरत फिरत ती जिल्ह्याच्या साहेबांच्या कानावर गेली, आणि निरोप आला: साहेब खोली पाहायला येणार. म्हणजे जे पुढे घडलं, त्याचं आवतन माझ्याच तोंडानं धाडलं होतं.

त्याच वर्षी खोलीत निकिता होती.

निकिता तांड्यावरची, तिसरीतली. आधीच्या हंगामात आईबाप तिला आजीजवळ ठेवून ऊसतोडीला गेले होते, आणि तेव्हापासून ती शाळेत बोलायची बंद झाली होती. घरी बोलायची म्हणे, पण तेही आजीशी, त्यांच्या गोरमाटी बोलीत. खोलीत ती सगळ्यांच्या आधी यायची, सतरंजी अंथरायची, कोपरे ओढून सरळ करायची आणि बसायची. मी मात्र तिच्याशी अखंड बोलायचो. तिच्या वतीनं उत्तरंही मीच द्यायचो. "निकिताले आज पोहे आवडले. हो न, निकिता? आवडलेच."

तिचं तोंड उघडलं ते शेंगांमुळे. प्रशिक्षणातल्या बाईंनी सांगितलं होतं की पोरांच्या हाताला काहीतरी काम द्या. नजर खाली असली, हात चालत असले की पोरं बोलतात. म्हणून मी भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. गोल बसून आम्ही फोडत होतो. मी दाणे तोंडात टाकत टाकत काहीतरी सांगत होतो, आणि शेजारून बारीक आवाज आला, "सर, तुमच्या शेंगात किडा हाये."

मी पाहिलं. खरंच होता. अर्धा.

त्यानंतर ती शेंगा फोडताना थोडं थोडं बोलू लागली. एका दिवशी एक वाक्य, कधी दोन. आजीला दिसत नाही, विस्तवाशी निकिताच बसते. याडीला बाळ झालं. याडी म्हणजे आई. बाळ रडतं. आणि एक दिवस, खाली मान घालून, "अवंदा मलेबी नेणार हाये."

"कुठं?"

"ऊसावर. बाळाले पाहाले."

"तुले जायचं हाये का?"

तिनं मान हलवली. नाही.

त्या वेळी आमच्याकडे मागं राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय होती. दोन वेळचं जेवण मिळायचं, देखरेख असायची. म्हणजे निकिताला ठेवता आलं असतं. तिच्या बापाला कुणीतरी नीट सांगायला हवं होतं. तांड्यावर मास्तराच्या शब्दाला तेव्हा मान होता. मी छाती फुगवून म्हणालो, "तुह्या बाशी मी बोलतो. गाडी आली का मले येऊन सांग. खोलीत येजो, मी इथंच असतो. मी आल्याबिगर ते तुले नेत नाही, पाहाय."

"तुमी याल?"

"येईन म्हंजे येईनच!"

ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाची गाडी कधी येईल हे आदल्या दिवशीपर्यंत कुणाला ठाऊक नसतं. हे मला माहीत होतं. मग आधीच जाऊन बापाला का भेटलो नाही? भेटणार होतो. रोज शाळा सुटली की जाऊ म्हणायचो. पण साहेब येणार होते आणि मी खोलीला रंग देत होतो. मोर काढत होतो भिंतीवर. मोराची मान मला जमेना, ती बदकासारखी होत होती, आणि तांडा नाल्यापलीकडे पाच मिनिटांवर होता.

साहेबांचा दिवस उजाडला. मी पांढरा शर्ट घातला होता. खोली अशी चकाचक केली होती की तिच्यात कुणी मूल कधी आलं असेल असं वाटू नये. नवी सतरंजी, रांगेत मांडलेली खेळणी, वाटीत सोललेले दाणे, तेही मीच सोललेले. उंबऱ्यासमोर पंचफुलाबाईच्या सुनेनं मोठी रांगोळी काढली. पोरं आत आली तर सगळं विस्कटेल, म्हणून मी बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. रोजच्या पोरांना सांगितलं, "आज सरळ वर्गात जा बाप्पा. साहेब आले की बोलावतो."

ओमनं विचारलं, "मग आज पोहे?"

"उद्या डबल."

थोड्या वेळानं निकिता आली. पळत आली होती. श्वास लागला होता, केस विंचरलेले नव्हते. ती सवयीनं थेट दारापाशी गेली आणि तिचा पाय रांगोळीत पडला.

"अवो, रांगोळी!" मी ओरडलो.

ती थबकली. तिनं कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड उघडलं. आणि मी, ज्याला मुलाच्या शेजारी बसून गप्प बसायचं शिकवलं होतं तो मी, तिच्यासमोर उभा राहून बोलायला लागलो. आज कोण येणार आहे, त्यांच्यासमोर कसं वागायचं, त्यांनी विचारलं तर शेंगांची गोष्ट कशी सांगायची. "तू आधी बोलत नव्हती, आता बोलते, हे सांगजो. मस्त सांगजो. आता जाय, केस विंचर." तिनं पुन्हा एकदा तोंड उघडलं. मी म्हणालो, "आता नाही. साहेबांसमोर बोल."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. विसरायचा प्रयत्न प्रामाणिकपणे केला.

ती गेली नाही. दाराच्या बाजूच्या पायरीवर बसली. मी फाटकाशी नारळ घेऊन उभा होतो, तिथून ती दिसत होती. मला वाटलं, पोरगी साहेबांना भेटायला किती उत्सुक आहे.

साहेब फार उशिरा आले. त्यांना पुढे रिसोडला बैठक होती. कार्यालयात शाल घेतली, अर्धा कप चहा घेतला, टेबलाची गोष्ट माझ्या तोंडून ऐकली, मनापासून हसले. मी खिशात किल्ली चाचपत म्हणालो, "साहेब, खोली..." ते घड्याळ पाहत म्हणाले, "पाहिल्यासारखीच आहे हो, तुम्ही इतकं छान सांगता." आणि गाडीत बसले. माणूस वाईट नव्हता. मीच इतकं सांगितलं होतं की पाहायला काही उरलं नव्हतं.

धूळ खाली बसल्यावर मी मागं पाहिलं. पायरी रिकामी होती.

पंचफुलाबाई पातेलं घासत होती. "ते पोरगी कवाची बसून होती वो," ती म्हणाली. "गेली आता. रडून राह्यली होती. मी इचारलं तं म्हणे, तांड्यात गाडी आली."

मी मोटारसायकल काढली. नाल्यात पाणी नव्हतं, पण चिखल होता. पांढऱ्या शर्टाचं काय झालं ते सांगत नाही. तांड्यावर तिची आजी दाराशी बसली होती. मी हाक मारली तशी ती आवाजाच्या दिशेला तोंड करून म्हणाली, "कोन, सर? आता काय आले? गेली गाडी." मग मोडक्या वऱ्हाडीत, "पोरगी बापाले म्हणे, सर येते, सर येते. गाडीवाला थांबला बी थोडा. मंग शिव्या देऊन राह्यला त्यो."

मी मानोऱ्याच्या फाट्यापर्यंत गेलो. फाट्यावर एक ऊसतोडीची गाडी उभी दिसली, जीव भांड्यात पडला. पण ती दुसऱ्या तांड्याची होती. त्यातल्या बायका माझ्या चिखलाच्या शर्टाकडे पाहून तोंडाला पदर लावून हसल्या. मी परत आलो.

बापाचा फोन काही दिवसांनी लागला. मागे बाळ रडत होतं. तो शांतपणे म्हणाला, "सर, तुमी आले असते तं ठेवली असती मी. ते म्हणतच होती. आता इथं फडावर पाचटाची कोपी टाकली, बाळ तिच्याबिगर राहत नाही. आता कसं धाडू?" मी नेहमीप्रमाणे पुष्कळ बोललो. शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. माझ्या नोकरीत माझं एवढं शांतपणे कुणी ऐकलं असेल तर त्यानं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी निकिता परत आली. मी दार उघडं ठेवून बसलो होतो, शेंगा घेऊन. ती व्हरांड्यातून सरळ वर्गात गेली. दुसऱ्या दिवशी मी तिला हात धरून आणली, तर तिनं मुकाट्यानं वाटीभर शेंगा सोलल्या, टरफलं गोळा करून टाकली आणि उठून गेली. सतरंजीचा कोपरा दुमडलेला होता. तिनं तो सरळ केला नाही. चौथीत ती अर्धं वर्ष होती. त्यानंतर शाळाच सुटली तिची. तिच्याहून लहान पोरं, तिच्याहून बिघडलेली पोरं त्या खोलीनं सुधरवली. त्यातला ओम आज मानोऱ्याला बारावीत आहे आणि मला रस्त्यात भेटला की अजून कंबर धरून दाखवतो. लोक मला त्याच्याबद्दल विचारतात. निकिताबद्दल कुणी विचारलं नाही, कारण ती गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. माझ्यासारख्यानं एखादी गोष्ट न सांगणं म्हणजे काय, ते माझ्या बायकोला विचारा.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या जूनमध्ये, पहिलीच्या प्रवेशाच्या गर्दीत, एक उंच मुलगी एका पोराचा हात धरून दाराशी उभी राहिली. पोरगं तिच्या ओढणीत तोंड खुपसून होतं. मी ओळखलं नाही. तिनं चप्पल काढली, आत पाहिलं आणि भिंतीवरच्या मोराकडे बोट दाखवून त्या पोराला म्हणाली, "हे बदक पाहाय."

तेव्हा ओळखलं.

"हा भाऊ माहा," ती म्हणाली. "तवाचा बाळ. कोनाशी बोलत नाही हा. याडी मले म्हणे, याले शाळेत टाक. म्हणून आणला."

"आणि तू?"

"मी जाते न ऊसावर. याले नाही नेत आता. आजीच्या घरामांगं मावशी राह्यते, तिच्यापाशी ठेवतो."

मग माझा बांध फुटला. मी तिला पायरीवर बसवलं, त्याच पायरीवर, आणि सांगायला लागलो. त्या दिवशी काय झालं, साहेबांची गाडी किती उशिरा आली, मी नाल्यातून कसा आलो, शर्टाचं काय झालं, फाट्यावरची ती दुसरी गाडी, तिच्या बापाला केलेला फोन. मी चुकलो म्हणालो. पुन्हा म्हणालो. कुलूप नंतर मी विहिरीत टाकलं तेही सांगितलं. ते खरं नव्हतं, ते कुलूप तांदळाच्या कोठीला लावलं होतं, पण बोलता बोलता निघून गेलं. माझे डोळे भरून आले होते. मधे एकदा त्या लहानग्यानं ओढणीतून तोंड बाहेर काढलं, माझ्या मागच्या शेंगांच्या टोपलीकडे पाहिलं, ओठ हलवले, आणि मी बोलतच होतो म्हणून पुन्हा आत घातलं. मला ते दिसूनही कळलं नाही. तिला कळलं.

निकिता उठली. भावाचा हात माझ्या हातात दिला आणि चपलेत पाय घालत म्हणाली,

"सर, हा बोलाले लागला का तुमी चूप राहजा. तुमाले जमत नाही ते."